मारेगाव-लोहारा अप-डाऊन

"आधी इचार, मंग हात लाव."

तिचं हे वाक्य मारेगावच्या बसस्टँडावर इतक्यांनी ऐकलं होतं की काही जण तिला त्यावरूनच ओळखत. वाक्य संपायच्या आत तिचे हात चाकांवर गेलेले असत आणि खुर्ची वीतभर मागे सरकलेली असे. मदतीला धावलेला माणूस हवेत हात धरून उभा राही.

असे मदत करणारे तुम्हीही पाहिले असतील. चाकाची खुर्ची दिसली की कोणीतरी मागून मुठी धरतो आणि ढकलू लागतो. कुठे जायचं आहे, हे विचारत नाही. एका गृहस्थांनी तिला मोठ्या आपुलकीनं पांढरकवड्याच्या गाडीपाशी नेऊन सोडलं होतं. ती चहा घ्यायला निघाली होती.

स्टँडालगत तिचा टेलिफोन बूथ होता, अपंगांसाठीच्या योजनेतून मिळालेला. ती कापसाची वाईट वर्षं होती. खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा, गावागावांतून येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्या आणि त्यांच्या मागे आम्ही बातमीदार. मी यवतमाळच्या एका दैनिकात होतो. पूर्वेकडचे तालुके माझ्याकडे होते. दूरच्या शहरांतून आलेले पत्रकारही तिच्याच बूथवरून कार्यालयाला बातमी सांगत. बूथचं दार नीट लागत नसे, त्यामुळे प्रत्येकाची बातमी तिला ऐकू येई.

"तुमची बातमी रोज एकच हाये, भाऊ," ती एकदा मला म्हणाली. "गावाचं नाव तेवढं बदलते."

बोलताना तिची खुर्ची स्थिर नसे. पुढे, मागे, पुन्हा पुढे. बूथसमोरच्या मातीत त्या हालचालीचे दोन चर पडले होते. वय तिशीच्या आत. पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. आई कापूस वेचायला जाई, भाऊ कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये हमाली करी.

मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि बूथ रिकामा पडू लागला. तिनं आपल्याच बूथवरून फोन लावून नोकरी शोधली. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला टेलिफोन ऑपरेटर हवी होती. मुलाखत फोनवरच झाली. मॅनेजरनं तिचा आवाज ऐकून तिला ठेवली आणि खुर्ची पाहिली ती रुजू व्हायच्या दिवशी.

"महिनाभर पाहू," तो म्हणाला. "वेळेवर यायचं. बाकी काही अडचण नाही."

अडचण तेवढीच होती. मारेगावहून यवतमाळ, तिथून लोहारा आणि संध्याकाळी परत. जिल्ह्यात याला अप-डाऊन म्हणतात. शिक्षक करतात, तलाठी करतात. तिलाही तेच करायचं होतं. भावाला सोबत न्यायला ती तयार नव्हती. त्याची मजुरी बुडाली असती, आणि तिच्या मते ऑपरेटरसोबत भाऊ येत नसतो.

पहिल्या सकाळी, मारेगावचा मुक्काम आटोपून, मी तिच्याच बसमध्ये होतो. कंडक्टर दारात उभा राहिला.

"संगं कोन हाये?"

"कोनी नाई."

"एकट्या कशा जासान, बाई? सोबती आना."

"तुमचा सोबती कोठी हाये?"

"मी कंडक्टर हावो!"

"मी ऑपरेटर हावो. चाला, दोघायले ड्युटी हाये."

बस हसली. सगळी बस हसत असताना तिला नाही म्हणणं कंडक्टरला जमलं नाही.

चढायचं कसं, हे ती स्वतः सांगे. एकानं मागून बगलेत धरायचं, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली. खुर्ची मिटवून मागच्या शिडीनं टपावर जाई, गाठोडी आणि सायकलींच्या शेजारी. दारालगतच्या सीटच्या वर 'अपंगांसाठी राखीव' असं लिहिलेलं होतं. तिथपर्यंत पोहोचायला उंच पायऱ्या होत्या.

शेजारच्या म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काय भोग हायेत वं माय, पोरीचे."

"भोग नाई, मावशी. पायऱ्या हायेत."

ती सकाळपासून पाणी पीत नसे. स्टँडावरच्या मुतारीचं दार खुर्चीपेक्षा अरुंद होतं. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी बाटली पुढे केली तेव्हा कारण सांगितलं, एवढंच. बस थांबली की ती खिडकीतून मान काढून टपाकडे पाही. करंजीला पाही, मोहद्याला पाही. सुटेपर्यंत बोटं सीटच्या दांड्यावर वाजत राहत.

महिना संपत आला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या तालुका बातमीदारांची पाकिटं बसनं येत. ती घ्यायला मी यवतमाळच्या स्टँडावर उभा होतो. वाटेत कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवल्यामुळे बस उशिरा आली. बसला पुढे, लोहाऱ्याला न थांबता, दारव्ह्याला जायचं होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही.

एव्हाना रोजचे प्रवासी शिकले होते. "ताई, हात लावू काय?" असं विचारून चौघांनी तिला अलगद उतरवलं आणि सिमेंटच्या बाकावर बसवलं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर समाधान होतं. घंटी वाजली. मी ड्रायव्हरकडून पाकीट घेतलं. बस निघाली.

"खुर्ची!" ती ओरडली. "अबे, माही खुर्ची!"

बस फाटकाबाहेर पडली होती. खुर्ची टपावर होती. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. माणूस उतरवणं पुण्याचं काम होतं. खुर्ची उतरवणं हमालाचं. प्रत्येकानं पुण्याचं काम घेतलं होतं.

"माहा भाऊ असता तं पयले खुर्ची उतरोली असती," ती म्हणाली.

चौकशीच्या खिडकीतून दारव्ह्याला फोन झाला. खुर्ची संध्याकाळच्या गाडीनं परत येईल, असं कळलं.

"संध्याकाळलोक मी काय करू? इथं बसून गहू निवडू?" तिचे हात दोन्ही बाजूंना गेले. तिथे चाकं नव्हती. बाकाचं सिमेंट चाचपून ते परत मांडीवर आले. तिची नजर स्टँडाच्या घड्याळावर होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमी येता का संगं? मी इचारून राह्यली."

ऑटोवाला आणि मी, दोघांनी तिला कारखान्यात उचलून नेलं. टेलिफोनच्या खोलीत चाकं असलेली फिरती खुर्ची होती. तिनं टेबलाची कड धरून खुर्ची पुढे ओढली, मागे ढकलली, पुन्हा पुढे ओढली, आणि वाजणारा फोन उचलला. "नमस्कार, बोला." आवाजात कुठेही धाप नव्हती.

मॅनेजर दारात आला. "हे असं नेहमी होणार का?"

"मले नाई, बसले इचारा, साहेब."

तो हसला नाही. पण तिच्या कामाला त्यानं नावं ठेवली नाहीत. महिना संपल्यावर त्यानं तिला कायम केलं आणि एक अट घातली: राहायला लोहाऱ्यात यायचं. अप-डाऊनचा भरवसा नाही.

या सगळ्याची मी बातमी केली होती. आतल्या पानावर आली. काही दिवसांनी त्या मार्गावरच्या बसमधली 'अपंगांसाठी राखीव' ही अक्षरं ताज्या रंगात दिसली. पायऱ्या होत्या तेवढ्याच उंच होत्या.

तिला लोहाऱ्यात तळमजल्यावरची खोली मिळाली. हे सांगताना ती बूथसमोर खुर्ची पुढे-मागे करत होती.

"नोकरी पक्की झाली. मंग आता काय?" मी विचारलं.

"मले जाचं-याचं होतं, भाऊ. नुस्तं जाचं नोहोतं."

ती गेली तो दिवस बाजाराचा होता. कापसाचे भाव घ्यायला मी मारेगावात होतो. बूथसमोर टेम्पो लागला होता. स्टोव्ह, गादी, एक पेटी आत गेली. भावानं जिनिंगमधून दोन जाड फळ्या आणल्या होत्या, ज्यांवरून कापसाच्या गाठी ट्रकवर चढवतात. त्या त्यानं टेम्पोला टेकवल्या. ती चाकं फिरवत, खालचा ओठ दाताखाली धरून, एका दमात वर गेली. प्रवासाच्या गाडीत ती आपल्या खुर्चीवर बसलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. भावानं चाकं दोरानं बांधली. खुर्चीचं तोंड मागे, गावाकडे होतं.

आई कापूस वेचायला बांधलेला पदर कमरेला तसाच ठेवून आली होती. पुढे होऊन तिनं लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आइतवारी येजो वं."

"कायच्यानं येऊ, माय? आइतवारच्या बसले रोजचे लोक नसतेत."

आईनं ड्रायव्हरकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. टेम्पो निघाला. बांधलेल्या चाकांवर तिचे हात होते. ती चाकं फिरत नव्हती.