रफिकनं काढायला लावलेली टोपी

आमच्या रफिकच्या शर्टाची कॉलर मळलेली पाहिली, असं सांगणारा माणूस दिघीपासून श्रीवर्धनपर्यंत सापडायचा नाही. सकाळी पहिल्या फेरीबोटीच्या वेळेला तो जेट्टीवरच्या माझ्या दुकानात चहाला येतो आणि बसण्याआधी रुमालानं बाक पुसतो. माझा बाक मी रोज पुसतो हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तरी पुसतो. मस्कतच्या एका मोठ्या क्लबाच्या दारात त्यानं अर्धं आयुष्य काढलं, तिथली ही सवय. ईदच्या नमाजाला उभं राहण्याआधी हा शेजारच्याच्या कुर्त्याची घडी सारखी करणार. त्याची बायको मासूमा म्हणते, "जन्नतमध्ये गेले तरी हे पहिली इस्त्री कुठं हाय ते विचारतील."

तो मस्कतहून कायमचा परत आला आणि पाठोपाठ खाडीवरच्या माळावर गोल्फ क्लब उभा राहिला. असा माणूस आयता मिळतोय म्हटल्यावर क्लबवाल्यांनी त्याला दारात उभा केला. काम एकच, येणाऱ्या सभासदांचे कपडे बघायचे. बिनकॉलरचा शर्ट चालत नाही. जीनची पँट चालत नाही, चपला चालत नाहीत. आणि जेवणघरात शिरताना डोक्यावरची टोपी काढायची.

मला हे सगळं थोतांड वाटायचं आणि मी ते त्याला तोंडावर सांगायचो. चेंडू काठीनं मारायचा, त्यात कॉलरीचं काय काम? रफिक चिडायचा नाही. बशीत चहा ओतत म्हणायचा, "पैशेवाल्याला ह्या दुनियेत कोण अडवतो, सांग मला. मी अडवतो. नियम सगळ्यांना एकच. सेठ असो नाय तर सेठचा बाप."

आणि खरोखरच त्यानं एकदा अडवलं. मुंबईचा एक बडा बिल्डर गोल गळ्याचा बनियनसारखा शर्ट घालून आला. रफिकनं हात जोडून, हसून, पण दारातच थांबवला. शेठ तापले, फोन फिरवले, काही झालं नाही. शेवटी त्यांनी गाडीत जाऊन स्वतःच्या ड्रायव्हरचा कॉलरवाला शर्ट अंगात चढवला, तेव्हा कुठं आत गेले. ड्रायव्हर बिचारा दुपारभर शेठचा परदेशी बनियन घालून गाडीत बसला होता. आठवडाभर माझ्या दुकानात दुसरा विषय नव्हता. त्या दिवसापासून मीही जरा नरमलो. म्हटलं, नियमात काहीतरी आहे बुवा.

आता बाबाजीचं सांगतो.

बाबाजी हा म्हसळ्याच्या वाटेवरच्या वाडीतला भातशेती करणारा माणूस, रफिकचा लहानपणापासूनचा दोस्त. दोस्ती दोन्ही घरांची. नवे तांदूळ झाले की त्यातले पायलीभर रफिकच्या घरी यायचे, ईदचा शीरखुर्मा वाडीत जायचा. रफिकची आई गेली तेव्हा रफिक मस्कतला अडकलेला. म्हातारीला दवाखान्यात नेण्याआणण्यापासून सगळं बाबाजीनं केलं. मयताच्या दिवशी त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आमच्यात मयताला टोपी काढतात. ह्यांच्यात कसं असतं रं?" मी म्हटलं, ह्यांच्यात डोकं झाकतात. मग कबरस्तानच्या भिंतीपाशी तो आपली पांढरी टोपी घट्ट बसवून शेवटपर्यंत उभा राहिला. कुणाच्याही दारात जाताना तिथली रीत आधी विचारून घ्यायची, असा त्याचा स्वभाव.

क्लबासाठी माळ घेतला त्यात बाबाजीची वरकस जमीन गेली. पैसे मिळाले, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. वर, ज्यांची जमीन गेली त्यांना क्लबाचं आयुष्यभराचं सभासदत्व मिळालं. बाकीच्यांनी ती कार्डं कुठं टाकली देव जाणे. बाबाजीनं आपलं देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं. आज जिथं जेवणघर आहे तिथं तो नाचणी करायचा. पण क्लबाची पायरी तो कधी चढला नव्हता.

त्याची मुलगी साक्षी पनवेलला इस्पितळात नर्स आहे. तिथल्याच एका मुलाकडून मागणी आली. घर चांगलं, माणसं चांगली. मुलाच्या वडिलांच्या कानावर आलं होतं की मुलीचा बाप गोल्फ क्लबाचा मेंबर आहे. "मग बोलणी तुमच्या क्लबातच करू की," असं ते फोनवर म्हणाले. हसत म्हणाले असतील, पण बाबाजीनं मनावर घेतलं. शेतकऱ्याची पोर म्हणून तिला कुणी कमी लेखू नये, सोयऱ्यांसमोर एकदा तरी आपली मान वर असावी, एवढंच त्याला हवं होतं. आणि ते त्यानं रफिकच्या हातात दिलं. "तुज्या भरवशावर येतो बघ," म्हणाला. "काय घालायचं, कसं बसायचं, सगळं तू सांग."

रफिकच्या अंगात उत्साह संचारला. त्यानं बाबाजीला श्रीवर्धनला नेलं, पँट घेतली, निळा कॉलरवाला शर्ट घेतला, बूट घेतले. जन्मभर लेंग्यात वावरलेला माणूस, त्याला पँटचा पट्टा आवळता येईना. रोज संध्याकाळी बूट घालून अंगणात फेऱ्या मारायचा. बायको कोकिळा पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, "नवरदेव ह्येच दिसतात." रफिक वाडीत जाऊन स्वतःच्या हातानं त्याच्या शर्टाला इस्त्री करून आला.

एवढं सगळं बघितलं आणि टोपी राहिली.

मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. रफिकसारखा माणूस, जो रोज दहा जणांना टोपी काढायला सांगतो, तो ही कशी विसरला? तो विसरला नव्हता. त्याच्या लेखी टोपी म्हणजे गोल्फवाल्यांची, पुढं चोच असलेली. बाबाजीची पांढरी टोपी त्याला टोपी म्हणून दिसलीच नाही. ती नसलेला बाबाजी आम्ही कुणी पाहिलेलाच नाही. शिवाय डोकं झाकणं म्हणजे अदब, हे रफिक आईच्या मांडीवर शिकलेला. अदबीनं झाकलेलं डोकं कुठं गुन्हा ठरेल, हे त्याच्या मनात येणार कुठून?

रविवारी पाहुणे आले. मुलाचे आईवडील, मुलगा आणि त्याची आजी. खिडकीपाशी मेज मांडलं होतं. बाबाजी, कोकिळा आणि साक्षी त्यांना घेऊन बसली. सुरमई आली, भात आला. बाबाजी खिडकीतून बोट दाखवून सांगत होता, हितं बांध होता, तितं आंब्याचं झाड होतं. मुलाचे वडील कौतुकानं ऐकत होते. रफिक दारातून बघत होता आणि त्याला वाटत होतं, आज आपल्या नोकरीचं सोनं झालं.

पलीकडच्या मेजावर तेच बिल्डर शेठ जेवत होते. त्यांची टोपी आत येतानाच रफिकनं जेवणघराच्या दारात काढायला लावली होती. त्यांनी मॅनेजरला बोलावलं, बाबाजीकडे मान वळवली आणि विचारलं, "नियम फक्त आम्हालाच काय?" आवाज चढवला नाही. विचारलं आणि पुन्हा जेवायला लागले. मॅनेजर रफिकपाशी येऊन हळू म्हणाला, "जरा बघ रे तेवढं."

रफिक त्या मेजाकडे निघाला. त्याला येताना पाहून बाबाजीचा चेहरा खुलला. पाहुण्यांना म्हणाला, "ह्यो रफिक. माझा भाऊच समजा. ह्येच्यामुळं आपण हितं बसलोय." पाहुण्यांनी नमस्कार केला. रफिकनं नमस्कार घेतला, वाकला आणि बाबाजीच्या कानात सांगितलं.

बाबाजीला आधी कळेना. मग कळलं. त्यानं रफिकच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी टोपी काढली. कपाळाच्या वरचा भाग, जिथं कधी ऊन लागलं नव्हतं, तो गोरा आणि लहान मुलासारखा दिसत होता. टोपी ठेवायची कुठं हे त्याला समजेना. मेजावर ठेवायला गेला, उचलली, मांडीवर ठेवली, शेवटी घडी करून नव्या पँटच्या खिशात कोंबली. आजीचा घास हातातच राहिला. आमच्याकडे पुरुषमाणूस उघड्या डोक्यानं कधी बसतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं कोकिळेला विचारलं, "बाई, घरात काही वाईट झालंय का?"

"न्हाय, न्हाय," बाबाजीच बोलला. "हितला नियम हाय."

त्यानंतर तो खिडकीतून काही दाखवत बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रफिक आला, बाक न पुसता बसला आणि त्यानं हे सगळं मला सांगितलं. चहा तसाच निवला. "नोकरी गेली नसती," तो म्हणाला. "मॅनेजर भला माणूस हाय. साहेब, ही टोपी वेगळी, एवढंच बोललो असतो तर तो गप बसला असता. जीभच उचलली न्हाय. मना वाटलं, शेठला अडवलं तेवा छाती काढून सांगितलं सगळे सारखे. आता माझ्या दोस्ताला सोडला तर माझी जबान काय राहिली?"

मला राग आला आणि मी तो गिळला नाही. "म्हणजे तुझी छाती फुगलेली राहावी म्हणून त्याचं डोकं उघडं केलंस."

"व्हय," रफिक म्हणाला. नुसतं तेवढंच. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

पनवेलहून बरेच दिवस निरोप आला नाही. त्या दिवसांत रफिक असा वाळला की मासूमानं त्याला डॉक्टरकडे जायला लावलं. लग्न मोडलं तर ते आपल्यामुळं, असं त्यानं मनात धरलं होतं. तो एकदा वाडीत गेलाही. बाबाजी रानात लाकडं तोडायला गेलेला. कोकिळेनं चहा दिला आणि म्हणाली, "भाऊजी, तुमच्यावर राग न्हाय हो आमचा." हे ऐकल्यावर माफी मागायची कुणाची, म्हणून हा उठून परत आला. मग एकदाचा निरोप आला. आजीनं सांगून पाठवलं होतं, मुलगी पसंत आहे, पण बोलणी पुन्हा, तुमच्या घरच्या ओटीवर बसून करू. तशी ती झाली आणि तारीख ठरली. मला वाटलं, सुटला रफिक. पण तो काही सुटल्यासारखा दिसेना. दारात उभा राहतो, कॉलर बघतो, चपला बघतो, आणि कुणाला टोपी काढायला सांगताना खाली बघतो.

क्लबानं कपड्यांचा नियम ठेवावा की नाही, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगेन, ठेवा. शेठच्या अंगात ड्रायव्हरचा शर्ट मी कसा विसरू? पण नियम लिहिणाऱ्यानं ज्या डोक्याचा विचार केला नव्हता, ते डोकं समोर आल्यावर दारातल्या माणसानं तोंड उघडायला हवं. रफिकनं उघडलं नाही. हे त्याला मी सांगायची गरज नाही.

चैत्रात मी रफिकच्या ओटीवर बसलो होतो. समोरून बाबाजी आला. लेंगा, धुतलेला शर्ट, पांढरी टोपी, हातात लग्नाच्या पत्रिका आणि अक्षतांची पुडी. पायरीपाशी त्यानं चपला काढल्या. मग टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि आत आला.

"देवाच्या खालोखाल तुजी पत्रिका," रफिकला म्हणाला. "पयला तू."

मासूमा सरबत घेऊन आली आणि थबकली. "बाबाजीभाऊ, पोरीच्या लग्नाचं बोलवणं घेऊन आलात, नि डोकं उघडं?"

"रफिकच्या म्होरं काढायची असती, वहिनी," बाबाजी म्हणाला. "त्येच्या कामाचा नियम हाय."

मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. टोमणा असेल तर सापडावा म्हणून बघितलं. टोमणा नव्हता. दोस्ताला अडचण नको, एवढंच त्या तोंडावर होतं.

रफिक उठला. "बाबाजी," तो म्हणाला, "हे घर हाय रं. घाल ती."

"घालतो की," बाबाजी म्हणाला आणि त्याच्या हातावर अक्षता ठेवल्या. "भाईर गेल्यावर घालतो."

सरबत पिऊन झालं, दोन शब्द झाले, तो पायऱ्या उतरला. रफिक दारात उभा राहून बघत होता. अंगण ओलांडून रस्त्याला लागल्यावरच बाबाजीनं खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली.