माझा फोन गाडीत मोठ्यानं बोलला

काल फोनला मोठं अपडेट आलं. सुरू झाल्यावर त्यानं जे जे विचारलं, त्याला मी न वाचता 'हो' म्हणत गेलो. तुम्हीही तेच करता, म्हणून लिहितोय.

आज सकाळी मेव्हण्याचा फोन आला. कडेगावला माझे सासरे वारले.

"दाजी, ताईला आत्ताच सांगू नगा. तब्येत बिघडलीया म्हणा आन् घिऊन या."

आपल्याकडे असंच करतात, वाटेत माणूस कोसळू नये म्हणून. बायकोचा, मंगलचा फोन मी मुद्दाम साताऱ्यात घरीच ठेवला.

कराडला तिनं गाडी थांबवायला लावली. "अण्णांना दुसरं काय जात नसंल, शहाळ्याचं पाणी तरी जाईल," म्हणाली. चार शहाळी घेतली. मीच हातानं बघून निवडली.

कराड सोडलं आणि गाडीच्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. अपडेटनंतर फोन मेसेज वाचून दाखवायला लागला होता, आणि सासुरवाडीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. अण्णांचं पूर्ण नाव, मग "यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले." हवामानाची बातमी सांगावी तशा आवाजात. मी बटण शोधेपर्यंत तिनं आणखी दोघांची श्रद्धांजली वाचली.

मंगल रडली नाही. कडेगाव येईपर्यंत एकदाच बोलली.

"आवं, तुमास्नी म्हाईत हुतं, मग शहाळी का घिऊ दिलीसा?"

शहाळी अजून डिकीत आहेत. फोनचं ते वाचणं मी बंद केलंय. तिला काय उत्तर द्यायचं, तेवढं कुणाला सुचलं तर सांगा.