विष्णूची हजेरी

नरहरी माघात वारला. चैत्रात निपाणीच्या मोटारीत मी एकटा बसलो.

दरवर्षी चैत्रात आम्ही बेळगावच्या हायस्कुलातले सोबती निपाणीला आप्पासाहेबाच्या घरी जमतो. जेवणाआधी तो शाळेतल्यासारखी हजेरी घेतो. अलीकडे चौघेच उरलो होतो: आप्पासाहेब, नरहरी, मी आणि संकेश्वरचा विष्णू. या विष्णूविषयी नरहरी शेवटच्या आजारात मला म्हणाला होता, "त्याला फार खोदून विचारू नकोस." का, ते सांगितले नाही. तेव्हापासून मनात संशय होता. प्लेगात शाळा बंद पडली, मुले पांगली. विष्णू पुन्हा दिसला तो तीसेक वर्षांनी, नरहरीच त्याला घेऊन आला तेव्हा. बोर्डिंगात एका खोलीत राहिलेला हा माणूस मला 'अहो मास्तर' म्हणतो.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही. मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. वंटमुरीच्या घाटात तिला चढ ओढवेना. "इळीरी, इळीरी!" (उतरा, उतरा!) क्लीनर ओरडला. आम्ही चढ पायी चढलो.

संकेश्वरला विष्णू आत आला. "नरहरीअण्णा गेले," एवढे म्हणून तो बाहेर बघत बसला. मी त्याचा चेहरा न्याहाळत होतो. नाक विष्णूचे होते. बाकी कोणाचेही असू शकले असते.

तवंदीच्या घाटात मोटार पुन्हा थांबली. रस्त्याकडेच्या चिंचेवर विष्णूने दगड मारला. नेम बसला, पण दगड उजव्या हाताचा होता. आमचा विष्णू डावखुरा. त्यापायी त्याने छड्या खाल्ल्या होत्या.

"तू कोण आहेस?" मी विचारले.

त्याने चिंच धोतराला पुसली. "केशव. त्याचा धाकटा. दादा प्लेगातच गेला."

"नरहरीला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, तसाच चल. त्याची हजेरी दे."

"आम्हाला फसवून काय मिळालं तुला?"

"दादा बेळगावला शाळेत, मी ढोरांमागं. मला त्याचं काय ठाऊक? घरात आईफुडं त्याचं नाव काढायची सोय न्हवती. तुम्ही लोक लई बोलता त्याच्याबद्दल. तेवढं ऐकाया येतो, मास्तर. आता आप्पासाहेबांना सांगणार व्हय?"

नरहरीने हे माझ्यापासून लपवावे, हेच मला अधिक लागले होते.

तंबाखूच्या वखारी आल्या आणि शिंका सुरू झाल्या, निपाणी आली. आप्पासाहेब ओसरीवरच होता. "मास्तर, लई वाळलास की रं! आणि विष्ण्या, चिंचा आणल्यास? अजून डाव्याच हातानं पाडतोस न्हवं?"

केशवने माझ्याकडे पाहिले. आप्पासाहेबही माझ्याकडेच पाहत होता.

"नेम तोच आहे," मी म्हणालो.

पाट मांडले. पानात भाकरी, भरले वांगे, खर्डा (मिरचीचा ठेचा). हजेरी सुरू झाली.

"विष्णू."

"हजर."

"नरहरी," आप्पासाहेब सवयीने म्हणाला आणि थांबला. त्याने मान खाली घातली. भाकऱ्या निवत होत्या.

"हजर," मी म्हणालो.

त्याने वर पाहिले. पुढचे नाव घेतले. ते माझे होते.

परतीच्या मोटारीत, विष्णूने किल्ल्याच्या खंदकापलीकडचे पेरू कसे पाडले, ते मी केशवला सांगितले. ही गोष्ट त्याने आमच्याकडून पूर्वी ऐकली होती, तरी ऐकली. मग म्हणाला, "आता नरहरीअण्णांचं सांगा."

संकेश्वर येईपर्यंत सांगत होतो.

त्या वर्गातले आम्ही दोघे उरलो आहोत. हजेरी चौघांची होते.