खिडकीकडची नमाज

मी हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आमच्या सरांनी वर्गातल्या काही जणांना आपापल्या धर्माची ओळख करून देणारं टिपण लिहायला सांगितलं, आणि माझ्या वाट्याला साहजिकच इस्लाम आला. मी मदरशात शिकलेलो नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिला मुलगा आहे, एवढंच. अम्मीला लिहिता-वाचता येत नाही आणि मला जो धर्म कळतो तो बहुतेक तिच्याकडूनच आलेला आहे. त्यामुळे जाणत्यांनी माझं धाडस पोटात घालावं. टिपण लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी आठवली ती माझी एक चूक. तीच सांगतो. ओळख तिच्यातून होईल तेवढी होईल.

आमचं गाव फर्दापूरच्या अलीकडं. अब्बा फाट्यावर लेणी बघायला येणाऱ्यांना रंगीत दगड विकतात. बारावीनंतर मी शिकायला नको म्हणत होतो, तेव्हा अम्मी म्हणाली, "हमारे नबी कौन से स्कूल गए थे? फिर भी पहला हुकुम पढ़ने का आया. तू जा." इस्लामची सुरुवात मला अशीच माहीत आहे. चौदाशे वर्षांपूर्वी मक्केत एक पोरका वाढलेला, व्यापार करणारा माणूस होता. चाळिशीत तो डोंगरातल्या गुहेत एकटा बसलेला असताना त्याला वाचण्याची आज्ञा झाली. त्याला वाचता येत नव्हतं. तरी त्याच्या तोंडून जे लोकांपर्यंत पोहोचलं ते कुराण. ते हजरत मुहम्मद, अल्लाहचे शेवटचे प्रेषित, आणि अल्लाह एकच आहे, त्याच्या बरोबरीचं कुणी नाही, ही आमची श्रद्धा. ही साक्ष म्हणजे कलमा. तो मी बोलायला लागल्यावर थोड्याच दिवसांत शिकलो असेन.

जूनमध्ये मी कॉलेजसाठी शहरात आलो आणि पुंडलिकनगरला एका काकूंच्या घरी मागची खोली घेतली. अम्मीनं स्वतःचं जानमाज, म्हणजे नमाजेचं आसन, पिशवीत घालून दिलं. त्याच्यावर काबाचं चित्र आहे आणि गुडघ्यांच्या जागी ते झिजलेलं आहे. हज ज्याला झेपेल त्याच्यावरच फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे; अम्मीचा हज रोज त्या चित्रापर्यंत होतो. दिवसातून पाच वेळा आम्ही मक्केतल्या काबाकडं तोंड करून नमाज पढतो. त्या दिशेला किबला म्हणतात आणि आपल्याकडून ती पश्चिमेला येते. गावात ती कुणाला विचारावी लागत नाही. खोलीत सामान टाकलं तेव्हा संध्याकाळ होती. एकुलत्या एका खिडकीतून पिवळंजर्द ऊन आत आलं होतं. मी जानमाज खिडकीकडं अंथरलं. मोबाइलवर दिशा बघता आली असती, पण खेड्यातल्या मुलानं मावळती मोबाइलला विचारायची म्हणजे मला कमीपणा वाटला.

दिवाळीच्या सुमारास कळलं की अम्मीच्या छातीत गाठ आहे. तिनं ती कितीतरी महिने लपवली होती. रमजानचे रोजेसुद्धा तसेच धरले होते. अब्बा तिला घेऊन इथल्या सरकारी दवाखान्यात आले. सुईनं नमुना काढून तपासायला पाठवला आणि डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येणार नाही. ते दोघं गावी परत गेले. मी प्रत्येक नमाजेनंतर हात पसरून एकच दुआ मागत होतो, की ती गाठ तसली नसू दे.

त्यातच एका संध्याकाळी काकू वाटीत शिरा घेऊन आल्या. मी जानमाज घडी करत होतो.

"तुझ्या अम्मीसाठी मी बी दिवा लावते रोज," त्या म्हणाल्या. "तुझी नमाज अन् माझं देवघर एकाच अंगाला हाय, उगवतीला."

"ही मावळती आहे, काकू."

"मावळती? चल वर."

त्यांनी मला गच्चीवर नेलं. सूर्य आमच्या पाठीमागं, पाण्याच्या टाकीआड बुडत होता. माझ्या खिडकीसमोर तीनमजली इमारत आहे. तिच्या वरच्या काचांवर तेच ऊन पडून माझ्या खोलीत परतत होतं. सकाळचा सूर्य तीच इमारत अडवत होती.

"काचंला सूर्य समजला व्हय रे? अन् म्हणं शेतकऱ्याच्या गावचा," काकू हसल्या. "मला वाटलं तुमच्यात बी उगवतीलाच असतंय. म्हणून तर मी निवांत होते."

मला हसता आलं नाही. पाच महिने मी काबाला पाठ करून उभा होतो. अल्लाह कुठल्या एका भिंतीत बसलेला नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मनात एकच येत राहिलं, की अम्मीसाठी मागितलेलं सगळं चुकीच्या पत्त्यावर गेलं. मी जानमाज फिरवून दाराकडं अंथरलं. नमाज पढत होतो, पण शेवटी हात पसरले की तोंडून शब्द निघेना. घरी तर हे सांगायची सोयच नव्हती.

चार दिवसांनी मी रिपोर्टची चौकशी करायला दवाखान्यात गेलो. अजून आला नव्हता. बाहेर लिंबाखाली बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पांढरी टोपी, हातात काठी. मी जवळून जाताना त्यांनी हाक मारली.

"मियाँ, किबला इधरीच है ना?"

इतक्या माणसांमधून त्यांनी नेमकं मला विचारलं. मी म्हणालो, "चाचा, मेरे कू नक्को पूछो."

"क्यूँ? मुसलमान नहीं क्या?"

मग मला सांगावंच लागलं. काच, खिडकी, काकू, अम्मीची गाठ, सगळं. ते आधी खोकला येईपर्यंत हसले. मग बाकावर हात आपटून मला शेजारी बसवलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांची बायको आत वॉर्डात होती. त्यांनी मला जी गोष्ट सांगितली ती मी लहानपणी ऐकलेली होती, पण माझ्यासाठी आहे असं कधी वाटलं नव्हतं. मदिनेत आल्यावर सुरुवातीचे सोळा-सतरा महिने प्रेषित आणि त्यांचे सोबती जेरुसलेमकडं तोंड करून नमाज पढत. मग काबाकडं वळण्याची आज्ञा आली. एका मशिदीत लोक नमाजेत असतानाच कुणीतरी ही बातमी घेऊन आलं. ते लोक नमाज न मोडता, होते तसेच दुसरीकडं वळले. तेव्हा काहींना चिंता पडली, की आपले जे सोबती याआधीच वारले, त्यांच्या नमाजांचं काय? त्यांना दिलासा मिळाला, की अल्लाह कुणाचा विश्वास वाया जाऊ देत नाही.

"उनको खबर मिली, वो घूम गए," चाचा म्हणाले. "तेरे कू तेरी काकी ने खबर दी, तू घूम गया. अब रोता कायकू? मैं मौलवी नहीं, इमाम साब से पूछ लेना. पर पहले मेरे कू किबला दिखा."

मी आकाशातला सूर्य पाहिला. आजूबाजूला काच नाही ना, तेही पाहिलं आणि हात केला. त्यांचे गुडघे वाकत नव्हते. बाकावर तिरपं वळून, बसल्या बसल्या नुसती मान झुकवत त्यांनी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज पढली. जो जसा पढू शकतो त्यानं तसं पढावं, एवढी सवलत आमच्यात आहे. मी बाजूला रुमाल अंथरला. शेवटी त्यांनी हात पसरले आणि आपल्या बायकोआधी माझ्या अम्मीसाठी मागितलं. मी त्यांचं नावही विचारलं नाही. नंतर दोनदा गेलो, तेव्हा तो बाक रिकामा होता.

मग मी जवळच्या मशिदीत जाऊन विचारलं. इमामसाहेबांनी मला थोडं रागावून सांगितलं, की घरमालकीण शेजारी असताना विचारायला काय झालं होतं? मग म्हणाले, किबला समजून मनापासून पढलास, त्या नमाजा झाल्या. पुढं नीट पढ. तेव्हापासून माझे हात पुन्हा पसरू लागले. पण मागणं थोडं बदललं. इस्लाम या शब्दातच स्वतःला सोपवणं आहे, हे परीक्षेपुरतं मला माहीत होतं. आता मी म्हणायचो, जे येईल ते झेलायची ताकद दे. आणि लगेच, राहवत नाही म्हणून, तरी गाठ तसली नसू दे. अजून तेवढंच जमतं. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिलं.

रिपोर्ट मिळायचा त्या दिवशी माझा पेपर होता. अब्बा-अम्मी दवाखान्यात गेले होते. मी पेपर देऊन खोलीवर आलो, फोन बंद करून ठेवलेला तसाच राहिला, आणि असरची वेळ निघून जाईल म्हणून उभा राहिलो. आता माझं तोंड दाराकडं असतं. असरच्या चार रकाती, म्हणजे चार आवर्तनं असतात. दुसऱ्या रकातीत काकू हातात मोबाइल घेऊन दारात आल्या. माझ्या समोर आपण उभ्या आहोत हे लक्षात आल्यावर त्या झटकन चौकटीच्या बाजूला सरल्या. त्यांच्या साडीचा काठ तेवढा दिसत राहिला. मी नमाज मध्येच सोडली असती तर त्यांनी तिथंच सांगितलं असतं. पण अजून दोन रकाती बाकी होत्या. मी त्या घाई न करता पुऱ्या केल्या. त्या वेळी भीती वाटली नाही, एवढ्यासाठीच मी त्या म्हाताऱ्या चाचांचा आणि त्यांना बाकावर बसवणाऱ्याचा जन्मभर ऋणी राहीन.

उजवीकडं, मग डावीकडं मान वळवून नमाज संपवणारा सलाम फेरला. काकू आत आल्या.

"तुझा फोन लागंना म्हणून तुझ्या अब्बांनी मला लावला," त्या म्हणाल्या. "गाठ साधी हाय. औषधावर भागंल म्हणाले."