इंग्लंडची गाणी आणि आमचा रहाट

देवरुखच्या स्टँडवर गाडी सुटताना आईनं खिडकीतून आमसुलांची पुडी आत सरकवली आणि आबा म्हणाले, “पोचलास की आवाज दे.” जसा काही मी पलीकडच्या वाडीत निघालो होतो! सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी चाललो होतो बहारीनला, कॅसेटच्या दुकानात नोकरीला. गाणी विकायला समुद्रापार कशाला जावं लागतं, हे आबांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

दुकान अदलिया नावाच्या भागात होतं. गिऱ्हाईक रेकॉर्ड आणून द्यायचं आणि आम्ही ती कॅसेटवर उतरवून द्यायचो. कारण तिथल्या उन्हात रेकॉर्ड गाडीत विसरली तर तिचा पापड व्हायचा. रेकॉर्ड जेवढी लांब तेवढाच वेळ ती उतरवायला लागे, त्यामुळे बसून ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भजन आणि रेडिओवरची सिनेमातली गाणी एवढंच ठाऊक असलेला मी असा दिवसभर विलायती रॉक ऐकू लागलो.

त्यातल्या निम्म्या रेकॉर्डी पीटरच्या. हा जहाजदुरुस्तीतला इंग्रज इंजिनियर, आडदांड, मानेवर कायम उन्हाचा लाल पट्टा. लीव्हवरून येताना गठ्ठाच घेऊन यायचा. मला वाटलं होतं, रॉक म्हणजे नुसता दणदणाट. दणदणाट होताच, पण शब्द भलतेच! गावातलं क्रिकेटचं हिरवं मैदान, चर्चची घंटा, दुपारचा चहा, गुलाबांचं कुंपण, वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी. एक गाणं तर चक्क पाखरांच्या किलबिलाटानं सुरू व्हायचं. अडलेले शब्द पीटर समजावून सांगे. वर्ष-दोन वर्षांत माझी अशी तयारी झाली की न पाहिलेल्या इंग्लंडात मी कुणालाही वाट दाखवली असती. दुकानाच्या काचेबाहेर मात्र वाळू उडत असायची.

चहाच्या गाण्याला पीटरचे डोळे हमखास भरून यायचे. एकदा मी विचारलंच, “साहेब, तुमचं गाव असंच का?”

तो मोठ्यानं हसला. त्याचा जन्म कारखान्यांच्या शहरातला, बापाच्या गॅरेजच्या माडीवरचा. वाळत घातलेले कपडे तिथे धुरानं काळे व्हायचे. “असं गाव मी कधी पाहिलंच नाही, माय फ्रेंड. गाणाऱ्यानंही पाहिलं नसेल.”

“मग रडता कशाला?”

“तुला नाही कळायचं,” तो म्हणाला. “यू हॅव अ रिअल व्हिलेज.”

ते वाक्य मला फार आवडलं. चांगलंच डोक्यात भिनलं म्हणा ना. बिचाऱ्याचं गाव गाण्यातलं, आपलं तर खरं आहे! त्या काळी आखातातली माणसं पत्राऐवजी कॅसेटवर बोलून ती घरी पाठवायची. पहिल्या लीव्हला मी घरी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, नेऊन दिला होताच. आबांना कळवलं, की या खेपेला बोलू नका, नुसते घरचे आवाज पाठवा. विहिरीवरचा रहाट, आईचं जातं, देवळातली घंटा.

गावाकडून परतणाऱ्या एका ड्रायव्हरबरोबर कॅसेट आली. दुकानात लावली. रहाटाची कुरकुर, पन्हळीत पडणारं पाणी, जात्याची घरघर. पीटर शेजारी उभा राहून ऐकत होता. त्यानं स्वतःसाठी एक कॉपी मागितली. त्या दिवशी मी ठरवलं, आखात खलास. गावी जाऊन घरची बाग बघायची.

एव्हाना माझं लग्न झालं होतं. उम्म अल हस्सम वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ही बातमी सुनंदाला, म्हणजे बायकोला, सांगितली. ती म्हणाली, “रहाट ऐकायला नोकरी सोडणार? आधी लीव्हवर जाऊन या, मग मालकाशी बोला.” म्हणून मी एकटाच गेलो.

पहिल्याच सकाळी मला जाग आली ती पंपाच्या आवाजानं. वीज आली होती, विहिरीवर पंप बसला होता आणि तो माझ्याच पैशातून बसला होता. आबांनी तसं कळवलंही होतं. मीच साफ विसरलो होतो. बैल केव्हाच विकले होते. रहाट गोठ्यामागे आडवा पडला होता, त्याच्या कण्याला ताजं तेल लावलेलं. पीठ गिरणीतून येत होतं. माझ्या कॅसेटसाठी सगळ्या वाडीनं मिळून रहाट पुन्हा चढवला होता, आणि आईनं जातं माळ्यावरून खाली काढलं होतं.

मला हसू येत होतं आणि रागही. “आबा, हे खोटंच की सगळं!”

आबा शांतपणे म्हणाले, “एक बी आवाज खोटा न्हाई. रोजचा न्हाई, एवढंच.” मग म्हणाले, “रहाटासाठी येऊ नको. आमच्यासाठी येनार असलास तर कधीबी ये.”

मालकाशी मी काही बोललो नाही. बहारीनलाच राहिलो, दर लीव्हला मात्र न चुकता घरी गेलो. पीटरला हकीकत सांगितली, तेव्हा त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि चहा मागवला. आता पीटरही नाही आणि ते दुकानही नाही. माझी मुलगी मराठी ऐकते, उत्तर इंग्रजीत देते, आणि तिचं गाव विचाराल तर बिनदिक्कत उम्म अल हस्सम सांगते.

त्या लीव्हवरून परतल्यावर मी कॅसेट पुन्हा लावली. दुकानातल्या सवयीनं, आवाज संपला की माझं बोट आपोआप बटणावर जायचं. त्या दिवशी बोट आवरलं. रहाट थांबतो, आणि पुढे कुणीतरी जोरजोरात धापा टाकतं. ते आबा. बैल नव्हते, म्हणून हातापायांनी त्यांनीच रहाट ओढला होता. आई विचारते, “दमलात?” आबा म्हणतात, “पोराला आयकू गेलं पायजे.” मग पंप सुरू होतो.

घर म्हटलं की आता मला रहाट आठवत नाही. त्या धापा ऐकू येतात.