शेजारच्या सीटचा संत

कॉर्क या आयरिश शहराच्या शनिवारच्या बाजारात ती बाई चिनी मातीची पदकं विकायची. स्वतः घडवलेली, अंगठ्याच्या नखाएवढी, प्रत्येकावर एकेक ख्रिस्ती संत. नखांत पांढरी माती, आणि डोक्यावर ठेवलेला चष्मा ती सारखी टेबलावर शोधायची. पदक देण्याआधी नखाने टिचकी मारून कानाशी धरायची, आपण माठ वाजवून घेतो तसं. गिऱ्हाइकाला ‘काय दाखवू?’ असं कधी म्हणायची नाही. ‘काय बिघडलंय?’ असं विचारायची.

“ड्रायव्हिंग टेस्ट,” मी म्हणालो. “परत नापास.” वर हेही ऐकवलं, की मी पुण्यात भर लक्ष्मी रोडवर गाडी चालवलेला माणूस आहे. इथला परीक्षक म्हणे हॉर्न फार वाजवतोस.

तिने प्रवाशांचा संत उचलला. खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा. टिचकी मारून ऐकला. गळ्यात घालून घ्यायला मी मान पुढे केली, तशी ती थांबली.

“गाडीत शेजारी कोण बसतं?”

“बायको. ती पहिल्याच फटक्यात पास झाली. मी शिकाऊ, त्यामुळे नियमाने तिला बसावंच लागतं.”

“मग हा तिला दे. तू ग्रँड आहेस रे, तुला काही होत नाही. जीव मुठीत धरून बसते ती.”

बायकोने तो थेट मंगळसूत्रात ओवला. मंगळसूत्र नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतं, अशी माझी समजूत होती. आता राउंडअबाउटचा गोल चौक आला की तिची मूठ त्यावर आवळते. मुठीत वाट्याही असतात आणि संतही. धावा नेमका कुणासाठी चाललाय, हे विचारायची माझी हिंमत होत नाही. मी नुसता हॉर्न वाजवतो.