हुंड्यात दिलेलं बेट

शाक्का बंदरात अक्कुर्सिओसारखा तरबेज कोळी नव्हता आणि त्याच्यासारखा लबाडही. भर समुद्रात, पहाटे शीड उभारलं तर दुपारपर्यंत गाठता येईल अशी त्याची मासेमारीची एक जागा होती. खाली खडक, खडकावर बक्कळ मासा. ती नेमकी कुठे, हे त्याने चाळीस वर्षांत सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर तो नाही म्हणत नसे. खांद्यावर हात टाकून जिव्हाळ्याने भलतीच दिशा सांगे, आणि वर रिकाम्या जाळ्याने परतलेल्याचं सांत्वनही करी.

१८३१ च्या जुलैत ती जागाच उकळली. धूर, राख, मेलेल्या माशांचा खच, आणि महिनाभरात नेमकं त्याच्या खडकाच्या डोक्यावर बेट! इंग्रज आले, नेपल्सच्या राजाची माणसं आली, फ्रेंच आले. तीन झेंडे, तीन बारशी. मालकाला कुणी विचारलं नाही. अक्कुर्सिओ होडीतूनच एका इंग्रज अधिकाऱ्यावर ओरडला, "ही जागा माझी आहे!" साहेबाला ओ की ठो कळलं नाही, त्याने सलाम ठोकला. अक्कुर्सिओने ती कबुली धरली.

त्याची लेक अगातिना आणि नोफ्रिओ यांचं जमलं होतं. नोफ्रिओही कोळीच, पोरगा सोन्यासारखा. पण त्याची आई निंफा, विधवा, अडून बसली होती.

"हुंड्यात जमीन हवी. समुद्राने माझा नवरा गिळला. जमीन माणसाला बुडवत नाही."

अक्कुर्सिओकडे कुंडीभर माती नव्हती. अगातिनाने आठ दिवस बापाशी अबोला धरला. नवव्या दिवशी तो उठला आणि बेधडक म्हणाला, "विहीणबाई, जमीन देतो. टेकडी आहे, दोन तळी आहेत. गरम पाण्याची!"

निंफा म्हणाली, "बघितल्याशिवाय नाही."

गेली ती होडीतून, काळी शाल गुंडाळून. बेटावर पाऊल टाकताच तिचा बूट घोट्यापर्यंत रुतला आणि बुटाचा तळ धुमसू लागला.

"उबदार जमीन आहे," अक्कुर्सिओ घाईघाईने म्हणाला. "थंडीत शेगडी नको."

काठाची दरड धपकन पाण्यात गेली. निंफाने तिकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"अंजिरं छान येतील," ती म्हणाली.

अक्कुर्सिओला हसू आवरेना. बाई पार गळाला लागली होती! आता घाई होती. नाताळाआधीच्या उपासाच्या चार आठवड्यांत चर्च लग्नं लावत नाही आणि राखेचं ते बेट लाटांनी झिजून दर आठवड्याला बुटकं होत होतं. नोटरीसमोर तर त्याला चेवच चढला. तिन्ही राजांच्या नाकावर टिच्चून त्याने लिहवून घेतलं: ही जागा चाळीस वर्षं माझी, तळापासून माथ्यापर्यंत, भोवतालच्या पाण्यासकट; ती मी जावयाला देतो. उपास लागायच्या आदल्या आठवड्यात लग्न लागलं.

नाताळाच्या आत बेट पाण्याखाली गेलं. झेंडेवाले आता नुसत्या पाण्यावर भांडत बसले. अक्कुर्सिओ मात्र खुशीत होता. लेक उजवली, जागा परत समुद्रात लपली, आणि तिची खूण एकट्याला ठाऊक. मासा आज ना उद्या येणारच.

तेवढ्यात निंफा कागद घेऊन दारात.

"व्याही, जमीन बुडाली."

"देवाची करणी, विहीणबाई. मी काय करणार?"

"बुडणार हे मला पहिल्याच पावलाला कळलं होतं. मी कोळ्याची बायको आहे, आंधळी नाही." तिने कागदावर बोट ठेवलं. "तळापासून. पाण्यासकट. आता खूण सांगा."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ते... तसं नव्हतं ठरलं."

"माझ्या नवऱ्यानेही विचारलं होतं तुम्हाला. आठवतं? खांद्यावर हात टाकून पूर्वेला पाठवलंत. वादळ तिकडेच होतं."

वादळाचं अक्कुर्सिओला खरंच ठाऊक नव्हतं, पण हात टाकल्याचं आठवत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

"मला नका सांगू," निंफा म्हणाली. "पोराला सांगा. आणि या खेपेला नीट सांगा. तुमची लेक माझ्या चुलीपाशी आहे."

दुसऱ्या दिवशी होडी बंदराबाहेर पडली. नोफ्रिओने विचारलं, "कुठे, बाबा?"

सवयीने अक्कुर्सिओचा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि दुसरा पूर्वेकडे उचलला गेला. त्याने दोन्ही हात खाली घेतले. मग सुकाणू जावयाच्या हातात दिलं.

"बंदरामागचा सान कालोजेरोचा डोंगर पाठीशी धर," तो म्हणाला. "आणि समोर पांतेल्लेरिया बेटाचं शिखर दिसेपर्यंत वळू नकोस."